ठोशाचा हात

माझे वरचे पुढचे दोन दात खोटे आहेत. खरे होते ते माझ्या बायकोच्या भावाने पाडले, तेही आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. त्याला न विचारता लग्न केलं, एवढाच आमचा गुन्हा. त्याने दार वाजवलं, मी उघडलं, 'या' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच उघड्या तोंडावर ठोसा बसला. मी आडवा. तो माझ्या अंगावरून पाय टाकून आत गेला, जेवायला काय आहे ते बहिणीला विचारलं, आणि मी उंबऱ्याशी रक्त थुंकत बसलेला असताना पोटभर जेवला. जाताना स्वतःचं ताट मात्र घासून ठेवलं. बायको अजून त्या ताटाचं कौतुक करते. दातांचा विषय ती काढत नाही.

लोक त्याला ठोशा म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. आता नातेवाईक बोलत नसण्याचं सुख मोठं असतं, पण माझं नशीबच फुटकं. मी टॉवर क्रेन चालवतो आणि हा माझ्याच क्रेनचा सिग्नलवाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. केबिनमध्ये बसलं की अख्खं शहर दिसतं, पण हुकाला लटकलेला भार नेमका कुठे टेकतोय ते बऱ्याचदा दिसत नाही. मध्ये भिंत येते, खांब येतो. म्हणून खाली एक माणूस उभा असतो आणि मी त्याच्या हातांकडे बघून काम करतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. खाली करून फिरवलं की उतरव. मूठ वर धरली की थांब. आणि एका हाताने इशारा चालू असताना दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यावर पालथा धरला, की काम तेच, पण अगदी सावकाश. क्रेन एकाच माणसाचे हात ऐकते, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुसरा कुणी, साहेब असो की साहेबाचा साहेब, हात हलवून हलवून दमला तरी मी लिव्हरला बोट लावत नाही.

वॉकीटॉकी होते. आमच्या वाट्याचा ठोशाने स्टोअरकीपरच्या कपाळावर फोडला, बॅटरी उतरलेली दिली म्हणून. कंपनीने दुसरा दिला नाही आणि त्यानेही मागितला नाही. मिळाला असता तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं आम्ही हातांवरच चालवलं, आणि खोटं कशाला बोलू, इतके स्वच्छ हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. खाली गर्दी असो, धूळ असो, त्याचं बोट मला पेन्सिलीने काढल्यासारखं दिसायचं. मला तो माणूस आवडत नव्हता. त्याचे हात आवडायचे.

सुट्टीच्या दिवशी तो आमच्या खोलीवर जेवायला यायचा. सिमेंटच्या दुकानामागची आमची ती एक खोली, एक खिडकी. तिघांचे गुडघे एकमेकांना लागत, पण तो बहिणीला म्हणायचा, "पोरी, तुझ्या त्या वरच्याला सांग, काल भार झटक्याने उचलत होता." ती मला विचारायची, ऐकलंत का. मी म्हणायचो, त्याला सांग, वारा होता. तो म्हणायचा, सांग त्याला, तो वारा मलाही लागत होता. शेवटी ती वैतागून भांडी घेऊन नळावर जायची आणि आम्ही दोघे दोन दगडांसारखे समोरासमोर बसून राहायचो.

हा ठोशा तरुणपणी गोलकीपर होता. आमच्या शहराच्या क्लबाचा, म्हणजे अगदी ऐरागैरा नव्हे. गोलकीपरला लागतात तसे लांब हात त्याला होते, लागतं तसं डोकं नव्हतं. एका सामन्यात शेवटी शेवटी रेफरीने त्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली. ठोशाने ती अडवली. दुसरा कुणीही असता तर नाचला असता. याने बॉल बाजूला ठेवला, चालत चालत रेफरीपर्यंत गेला आणि, दिलीसच कशी, असं विचारून त्याचा जबडा मोडला. कोर्टातून माफीवर सुटला, पण क्लबाने आजन्म बंदी घातली. खेळायची तर सोडाच, प्रेक्षक म्हणून आत पाऊल टाकायचीही. तिकीट खिडकीच्या आतल्या भिंतीवर त्याचा फोटो लावला, म्हणजे वेष बदलून आला तरी ओळखता यावा.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी तो स्टेडियमच्या भिंतीबाहेर उभा राहायचा. आतल्या गलक्यावरून त्याला सगळं कळायचं. कोण चढलं, कुणी घालवलं, गोल कुठल्या बाजूला झाला. अशा वेळी शेजारी कुणी गप्पा मारल्या तर त्याची कणीक तिंबायचा. माझी बायको लहानपणी त्याच्याबरोबर जायची. ती सांगते, दादा भिंतीला तळवा लावून उभा राहायचा.

देशाला फुटबॉलची ती मोठी स्पर्धा मिळाली तेव्हा लोक रस्त्यावर येऊन नाचले. मीही नाचलो. मग स्टेडियमं बांधायची वेळ आली, तेव्हा नाचणारे घरी गेले आणि आम्ही कामावर. आमच्या शहरातलं जुनं स्टेडियम पाडून तिथेच नवीन, छतवालं उभं करायचं होतं. तिकीट खिडकी पाडायच्या दिवशी ठोशाने घण मागून घेतला आणि फोटोसकट ती भिंत एकट्याने झोपवली. धुळीने पांढरा झालेला तसाच आमच्या खोलीवर आला. बहिणीला म्हणाला, "संपलं. आता मी आत बसून मॅच बघणार."

एवढंच त्याला हवं होतं. ज्या स्टेडियमचं छत त्याच्या बोटांवर वर चढणार होतं, तिथल्या एका खुर्चीवर बसून एक सामना बघायचा. बढती नको, बक्षीस नको. पण बंदी काही भिंतीवर नव्हती, क्लबाच्या डोक्यात होती. नव्या स्टेडियमलाही तीच लागू राहील, असं त्यांनी कळवलं. कामगार म्हणून मागच्या फाटकातून ये, प्रेक्षक म्हणून यायचं नाही. ठोशाने त्या दिवशी आमच्या खोलीच्या दाराची वरची फळी फोडली. ती अजून तशीच आहे.

साइटभोवती रंगीत पत्र्याचं कुंपण होतं आणि त्यावर हसऱ्या खेळाडूंची चित्रं. आत रोजची हाणामारी. स्पर्धेची तारीख हलत नव्हती, म्हणून सगळ्यांनाच घाई, आणि अशा घाईत माणूस जनावर होतो. लिफ्ट आधी कुणाची यावरून काँक्रीटवाले आणि लोखंडवाले हेल्मेटांनी एकमेकांची डोकी फोडत. एकाचा कान पान्याच्या फटक्याने अर्धा तुटला. तो चिंधी बांधून सुट्टी होईपर्यंत बोल्ट आवळत राहिला, कारण खाली गेला तर त्याची जागा दुसरा घेणार. या सगळ्यात ठोशा पाण्यातल्या माशासारखा सुखी होता. रोज कुणाला तरी बुकलून काढायचा आणि मग समाधानाने डबा खायचा.

शिस्त लावायला म्हणून कंपनीने दंडुकेवाले आणले. त्यांच्या म्होरक्याला आम्ही गेंडा म्हणायचो. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण दुसरं सुचलंच नसतं. पाण्याच्या रांगेत कुणी बोललं तरी तो पोटरीवर दंडुका मारायचा, आणि मारताना हसायचा नाही, रागवायचाही नाही. मला रागाने मारणारी माणसं कळतात. ही जात कळत नाही.

छताच्या पहिल्या कमानीवरून एक वेल्डर पडला. मी केबिनमधून पाहिलं. एवढ्या वर आवाज येत नाही. माणूस पडतो आणि खाली काँक्रीटचा मिक्सर फिरतच राहतो, हे बघणं फार वाईट. त्याला उचलून नेलं, आणि त्याचा एक बूट पायरीवर पडलेला असतानाच गेंडा पाण्याचा रबरी पाइप घेऊन रक्त धुवायला लागला. दुपारी कुणी मोठे पाहुणे यायचे होते. धारेच्या वाटेत तो बूट आला, तर गेंड्याने तोही धारेनेच पायऱ्यांवरून खाली ढकलला.

ठोशा त्या बुटाच्या मागे पायऱ्या उतरला, बूट उचलला, नीट बाजूला ठेवला आणि मग वर आला. पहिल्या ठोशात गेंड्याचं नाक गेलं. मग त्याने तोच पाइप त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि आवळायला घेतला. गेंड्याचा चेहरा निळा पडेपर्यंत दंडुकेवाल्यांना तो सोडवता येईना. गेंड्याचं नाक त्या दिवसापासून एका बाजूला बघतं.

सगळ्यांना वाटलं, ठोशा आता जातो. पण साइटच्या साहेबाला छत हवं होतं, आणि आमच्या जोडीइतक्या वेगाने गर्डर बसवणारं दुसरं कुणी नव्हतं. शिवाय साहेबाच्या कानावर गोलकीपरची गोष्ट गेली होती. त्याने ठोशाला ऑफिसात बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीला. म्हणाला, "छत बसेपर्यंत हात उचलायचा नाही. कुणावरच नाही. तेवढं केलंस तर स्पर्धेआधी कामगारांसाठी जो सामना होणार आहे, त्यात तुझी खुर्ची मी ठेवतो. क्लबाचं मी बघतो."

ठोशाने खूप वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली.

पुढचे महिने मला माझ्या दातांचा सूड उगवल्यासारखे मजेचे वाटले. हात शिवशिवायला लागले की तो ते पँटच्या खिशात कोंबायचा, आणि खिसे फाटायचे. बायको शिवून शिवून कंटाळली. सुट्टीच्या दिवशी येऊन आमची गादी उभी करायचा आणि तिलाच ठोशांनी बुकलून काढायचा. कापूस सगळ्या खोलीभर. बायको त्याला म्हणायची, "दादा, एक खुर्ची आहे, लक्षात ठेव," आणि तो दम खात म्हणायचा, "लक्षात आहे म्हणून तर गादी."

गेंड्याला ही अट कळली तेव्हा मात्र मजा संपली. तो रोज ठोशाच्या वाटेत उभा राहू लागला. रांगेत मागून टपली. चहाचा ग्लास पायावर उपडा. एकदा सगळ्यांसमोर त्याने ठोशाचा उघडा डबा बुटाने उलटवला आणि अन्नावर पाय ठेवून उभा राहिला. मी दोन माणसं पलीकडे बसलो होतो. ठोशाच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. त्याने दोन्ही हात स्वतःच्या बुडाखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिला, गेंडा जाईपर्यंत. मी माझा डबा उचलून त्याच्यासमोर ठेवला. त्याने खाल्ला. बोलला नाही, पण डबा घासून परत दिला.

असं करत करत छत शेवटच्या गर्डरवर आलं.

त्याच दिवशी परदेशी पाहणी समिती येणार होती. कामगारांना सकाळीच मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन कोंडलं, कारण समितीला स्टेडियम दाखवायचं होतं, माणसं नव्हे. आमचा गर्डर मात्र आधीच हवेत होता. बसवून मोकळे व्हा, असं सांगून साहेब पाहुण्यांच्या स्वागताला पळाला. कमानीच्या टोकाशी लंबू नावाचा बोल्टवाला आणि त्याचा जोडीदार. प्रेक्षकांच्या सर्वात वरच्या पायरीवर ठोशा, जिथून त्याला ते दोघेही दिसत आणि मीही. मला गर्डर टेकायची जागा दिसत नव्हती. मध्ये मुख्य खांबाचं डोकं होतं.

गर्डर टेकायला वीतभर उरला असताना वारा फिरला. मला काही दिसलं नाही, फक्त ठोशाची मूठ झटकन वर गेली. मी थांबलो. मग त्याने दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर आपटून दाखवलं. लंबूची मांडी गर्डर आणि खांबाच्या मध्ये सापडली होती.

आता मार्ग एकच. गर्डर बोटभर वर घ्यायचा, इतका हळू की टोक हलता कामा नये. झटका बसला तर गर्डर झुलणार आणि लंबूला जोडीदारासकट खाली झाडून टाकणार. ठोशाने उजवं बोट वर करून फिरवायला घेतलं आणि डावा तळवा त्यावर पालथा धरला. वर, सावकाश. मी लिव्हरला हात लावला न लावला असा लावला.

आणि तेवढ्यात गेंडा आपल्या माणसांना घेऊन पायऱ्या चढताना दिसला.

समिती पलीकडच्या दारातून आत आली होती. समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर एक घामट माणूस आभाळाकडे हात करून उभा, हे काही चित्रात बसत नव्हतं. पहिला दंडुका पाठीत बसला. ठोशा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. वरून लंबूच्या जोडीदाराने ऐकलं, ते त्याने नंतर सांगितलं.

"माणूस अडकलाय वर. थांब."

"हात खाली घे आधी," गेंडा म्हणाला. आणि मग, "नाहीतर उचल माझ्यावर. उचल ना. बघतोच."

ठोशाने दोन्हीतलं काही केलं नाही. बोट फिरत राहिलं.

मग त्यांनी त्याला घेरून मारलं. मी मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या आहेत, स्वतः खाल्ल्या आहेत. पण मार खाणारा माणूस निदान तोंड तरी झाकतो, वाकतो, पळतो. हा उभा होता, दोन्ही हात समोर, आणि नजर माझ्यावर. दंडुका कानावर बसला, डोकं कलंडलं, बोट कलंडलं नाही. रक्त डोळ्यात उतरलं, त्याने ते पुसलं नाही. पुसायला हात लागतो. कुणीतरी मागून गुडघ्यात मारलं तेव्हा तो गुडघ्यांवर आला आणि तसाच, गुडघ्यांवर, वर सावकाश, वर सावकाश.

मी केबिनमध्ये ओरडत होतो. घाणेरड्या घाणेरड्या शिव्या देत होतो आणि रडत होतो, आणि माझा हात मात्र लिव्हरवर मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होता, कारण खालचं बोट तसं सांगत होतं. क्रेनचा भोंगा वाजवावा असं मनात आलं. पण भोंगा वाजला म्हणजे भार सुटतोय, असं आमच्यात समजतात. जोडीदार लंबूला सोडून पळाला असता. खाली उतरावं तर लिव्हर सोडावा लागणार. इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नाही, आणि त्या दिवशी मला गेंड्याला माझ्या हाताने मारावंसं वाटलं. मला, ज्याने कधी डास धड मारला नाही.

मग गेंड्याने नेम धरून कोपरावर मारलं. उजवा हात कोपरातून नको त्या बाजूला वाकलेला मला तेवढ्या उंचीवरूनही दिसला. बोट खाली गेलं. इशारा तुटला की थांबायचं, म्हणून मी थांबलो. तिकडे मांडी अजून सुटली नव्हती.

ठोशाने डावं बोट वर केलं. फिरवायला लागला. वर. पण सावकाश म्हणायला दुसरा हात लागतो आणि दुसरा तर लोंबत होता. नुसत्या बोटाचा अर्थ होतो, उचल, नेहमीच्या वेगाने. हे त्याच्याही लक्षात आलं असणार. त्याने मान पुढे घातली, आणि रक्ताने भरलेलं आपलं कपाळ तळव्यासारखं त्या बोटावर आडवं धरलं. आता त्याचं अख्खं डोकं त्यांच्या दंडुक्यांखाली होतं.

असा इशारा कुठल्या नियमात नाही. मला तो कळला. मी बोटभर उचलला, आणखी अर्धं बोट, आणि मग डाव्या हाताची मूठ वर आली. थांब. लंबूला जोडीदाराने ओढून घेतलं होतं. ती मूठ तशीच वर राहिली, आणि तिच्याखाली ठोशा हळूहळू पायरीवर आडवा झाला. समितीतला कुणीतरी एव्हाना इकडे बोट दाखवत होता, म्हणून गेंडा थांबला.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. बायको उशाशी होती, मी पायाशी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सुजलेल्या ओठांतून म्हणाला, "लंबू?"

लग्नानंतर माझ्याशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"आहे," मी म्हणालो. "पायही आहे."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने बहिणीला म्हणाला, "पोरी, याला सांग, बोललो म्हणजे माफ केलं असं नाही." आम्ही दोघे नवराबायको तिथे त्या खाटेशी इतके रडलो की नर्सने बाहेर काढलं.

हात जुळला, पण वाकडा. खांद्याच्या वर जाईना. सिग्नलवाल्याचा हात वर गेला नाही तर तो काय कामाचा, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण कंपनीने त्याला त्यासाठी नाही काढलं. मारामारी केली म्हणून काढलं. बायको साहेबाच्या ऑफिसात गेली, मी मागे उभा. साहेब म्हणाला, कॅमेऱ्यात आहे सगळं. त्याने दाखवलंही. पाठीमागून, लांबून घेतलेलं. दंडुकेवाल्यांच्या घोळक्यात एक माणूस, दोन्ही हात वर. गर्डर चित्रात नाही, क्रेन नाही, लंबू नाही. मी सांगितलं, लंबूनेही कुबड्यांवर येऊन सांगितलं. साहेब खाली बघत होता. त्यालाही ठाऊक होतं, असं मला वाटतं, पण समितीसमोर कंपनीचे पहारेकरी चुकले म्हणण्यापेक्षा हे सोपं होतं. म्हणाला, अट साधी होती. बायकोने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून त्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर घातला. एकाच घरातली दोन माणसं, दुसरं काय.

जन्मभर ज्याने दिसेल त्याला हाणलं, त्याने एकदाच कुणाला बोट लावलं नाही, आणि नेमकं त्याच दिवसापायी खुर्ची गेली. मला हे अजून पचत नाही, आणि पचू नये असंच वाटतं.

कामगारांचा सामना झाला त्या दिवशी लखलखीत ऊन होतं. सगळ्यांना बायकामुलांसकट खुर्च्या. माझी बायको गेली नाही. मी केबिनमध्ये गेलो. क्रेन अजून उतरवायची होती आणि वारा आला तर वर माणूस हवा, हे खरं होतं, पण सांगितलं नसतं तरी गेलो असतो. तिथून छताच्या मधल्या मोकळ्या भागातून मैदान दिसत होतं, हिरवंगार, ज्यावर आमच्यापैकी कुणी कधी पाय ठेवला नव्हता. आणि दुसऱ्या बाजूला, कुंपणाबाहेर, उरलेल्या राडारोड्याच्या ढिगावर तो उभा होता. नव्या भिंतीला त्याने तळवा लावून पाहिला असावा. पण ती भिंत जाड, प्रेक्षकांवर छत, आतला गलका बाहेर नुसता गुरगुरल्यासारखा येत असणार. त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताचा पंजा उलटा करून हलवला. काय चाललंय?

मी खिडकी उघडून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्याला सामना सांगायला लागलो.

फुटबॉलचे इशारे आमच्याकडे नाहीत, म्हणून आहेत तेच वापरले. बॉल डावीकडे गेला, भार डावीकडे फिरव. पुढे आला, पुढे सरकव. नुसतेच पास देत बसले, सावकाश. गोलकीपरने पकडला, मूठ. तो मूठ पाहून मान डोलवायचा. एकदा गोलकीपर नको तेव्हा पुढे आला, ते मी कसंबसं दाखवलं, तर ठोशाने तिथूनच कपाळावर हात मारून घेतला. आम्ही एवढ्या गप्पा आयुष्यात मारल्या नव्हत्या.

शेवटाकडे आमच्या शहराची बाजू चढली. बॉल उजवीकडून आत येत होता. मी हात फिरवत होतो, ठोशा डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या पाठीमागून ढिगावर गेंडा चढताना मला दिसला. दंडुका हातात, पाहुण्यांच्या गाड्यांची वाट मोकळी करायला. तीच चाल, तेच वाकडं नाक. ठोशा त्या दिवसासारखाच उभा, हात वर, नजर माझ्यावर, पाठ उघडी.

मी मैदान सोडलं. एक बोट त्याच्या मागे रोखलं आणि मूठ वर धरली. थांब. माझं बघू नकोस. मागे.

तो वळला. उजवा हात तर खांद्याच्या वर जात नव्हता, पण गोलकीपरला दोन्ही हात लागतात, आणि त्याच्या डाव्याची आठवण गेंड्याला कुणी करून दिली नव्हती. एकच बसला. गेंडा ढिगावरून घरंगळत खाली गेला आणि त्याचं नाक, मला नंतर लंबूने सांगितलं, आता सरळ झालंय.

त्याच वेळी माझ्या पाठीमागे स्टेडियम असं गरजलं की केबिनच्या काचा थरथरल्या. गोल झाला होता. कुणी मारला, कसा मारला, मला अजून माहीत नाही. ठोशाने ढिगावरून वर माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मी दोन्ही हात जेवढे जातात तेवढे वर केले.